मासा सुटत नाही, आपण तोडतो

गळ टाकायचा नवा नवा नाद लागलेला कुठलाही शहरी माणूस सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर गाठा आणि वीकेंड कसा गेला ते विचारा. ठरलेलं वाक्य येणार. "काय सांगू राव, असला मोठा कटला लागला होता.. पण सुटला!" सोबत दोन्ही हात पसरून दाखवलेलं माप. हे माप दर कटिंगला दोन-चार इंचांनी वाढतं, पण तो आजचा विषय नाही.

आजचा विषय आहे 'सुटला' हे क्रियापद. भलतंच सोयीचं क्रियापद आहे हे. बस सुटली, नोकरी सुटली, मासा सुटला. यात 'मी' कुठेच नाही. जे झालं ते माशाने केलं, फार तर नशिबाने केलं. खरं वाक्य बहुतेक वेळा 'मी तोडला' असं असतं, पण ते चहाबरोबर घशाखाली उतरत नाही.

तर माझं म्हणणं सरळ आहे. मोठा मासा काठावर आणायची तयारी नसेल, तर नवशिक्याने मोठ्या माशासाठी गळ टाकूच नये. "आधी लागू तर दे, मग बघू" हे जे आपल्याकडचं तत्त्वज्ञान आहे, ते मला मान्य नाही. टेस्टिंग न करता शुक्रवारी संध्याकाळी कोड प्रॉडक्शनला ढकलणाऱ्याला आपण काय काय बोलतो? इथे तर समोर जिवंत प्राणी आहे.

ज्यांना या नादाची हवा लागलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रातल्या धरणांत आणि तलावांत नवशिक्याला भेटणारे मोठे मासे म्हणजे मुख्यतः कार्प मंडळी. कटला, रोहू, मृगळ हे आपले देशी. सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा हे बाहेरून आणलेले. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. कटला दहा किलोच्या पुढे आरामात जातो. म्हणजे कणकेचा गोळा लावून निवांत बसलेल्या माणसाच्या गळाला असं धूड कधीही लागू शकतं. मासा लागणं हा अपघात असू शकतो. पण मासा लागल्यावर काय होईल हे गळ टाकायच्या आधीच ठरलेलं असतं.

मागच्या वर्षी मावळातल्या एका धरणाच्या बॅकवॉटरला एक काका भेटले. तिथल्या मच्छीमार सोसायटीचे सभासद, थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी लावणारे. सकाळी जाळं काढून आले आणि मला हाक मारून एक कटला दाखवला. डोकं भलं मोठं, अंग मात्र सुकलेलं. ओठात गळ रुतलेला, त्याच्या मागे गंजलेली स्प्रिंग आणि पाच-सहा मीटर जाडजूड तंगूस. तो तंगूस जाळ्यात असा गुरफटला होता की काकांना जाळंच कापावं लागलं.

"तुमच्या पुन्याकडच्या पावन्यांचं काम हाये ह्ये," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. "दोन पट्टे गेले जाळ्याचे. आन् मासा बी इकायच्या लायकीचा ऱ्हायला न्हाई."

इथे एक गोष्ट आपण शहरी लोक विसरतो. धरणातला मासा हा 'निसर्गाचा' म्हणून कुणाचाच नाही असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या बऱ्याच जलाशयांत मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या जातींचं प्रजनन घडवून दाखवलं, म्हणून आज हवं तेवढं मत्स्यबीज मिळतं. बोटुकली विकत आणायची, पाण्यात सोडायची आणि वाढायची वाट बघायची. तुमचा 'सुटलेला' कटला ही कुणीतरी पैसे घालून केलेली गुंतवणूक असू शकते. त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे परवानगी घ्या. ती न घेता बसणाऱ्यांशी मी पुढचं काही बोलणारच नाहीये.

आता थोडं इंजिनिअरिंग. (चार वर्षं घासलीये, कुठेतरी वापरू द्या :) )

तंगुसाच्या रिळावर समजा '५ किलो' लिहिलंय. नवशिक्याला वाटतं, यावर पाच किलोपर्यंतचाच मासा निघणार, दहा किलोच्या माशाला दहा किलोचा तंगूस हवा. तसं नसतं. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, त्यामुळे पाण्यात त्याचं वजन जवळपास शून्य असतं. तंगुसावर येतो तो त्याचा ओढा. आणि तो किती येऊ द्यायचा हे ठरवण्यासाठीच रीलला ड्रॅग नावाचा ब्रेक दिलेला असतो. ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढलं की ब्रेक घसरतो आणि तंगूस सुटत जातो. साधा नियम असा, की ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा. ५ किलोच्या तंगुसाला सव्वा ते दीड किलो. मासा पळतोय? पळू द्या. पळून पळून तो स्वतःच दमतो.

"एवढा कमी?" हो, एवढाच. कारण त्यावर बाकीचे कर बसतात. गाठीवर ताकद कमी होते, वाईट गाठ तर निम्मी ताकद खाते. वाकलेल्या रॉडच्या कड्यांमधून जाताना घर्षण वाढतं. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे मासा लांब पळाला की रीलवरचं वेटोळं लहान होत जातं. ब्रेकचा टॉर्क तोच, त्रिज्या कमी, म्हणजे तंगुसावरचा ताण जास्त. त्रिज्या निम्मी झाली की ताण दुप्पट! तुम्ही स्क्रूला हातही लावलेला नाही आणि दीड किलोचे तीन किलो झाले. नेमकं याच वेळी घाबरलेला नवशिक्या ड्रॅग अजून आवळतो. मग टण्ण.. आणि मासा 'सुटला'.

आता नेहमीच्या सबबी घेऊ.

सबब पहिली: "माशाने तंगूस चावून तोडला." कार्पच्या जबड्यात दात नसतात हो! त्याचे दात असतात घशात. तो आमिष चावत नाही, चोखून आत ओढतो. सायप्रिनसच्या पाठीवरच्या पराला करवतीसारखा काटा असतो, तो कधीतरी घासू शकतो हे मान्य. पण बहुतेक वेळा तंगूस तुटतो तो गाठीत, नाहीतर खडकावर आधीच घासून कमजोर झालेल्या जागी. दोन्ही गोष्टी गळ टाकायच्या आधी बघता येतात.

सबब दुसरी: "जाड तंगूस लावला की झालं." नाही झालं. ड्रॅग आवळलेलाच असेल तर तंगुसाऐवजी गळ सरळ होईल, नाहीतर रॉड मोडेल. आणि बुडालेल्या झाडाच्या खुंटात अडकून जाड तंगूस तुटलाच, तर माशामागे जी दोरी राहते ती त्यालाही तोडता येत नाही. काकांच्या जाळ्यात आली ती हीच.

सबब तिसरी: "गावातली माणसं रीलशिवाय नुसत्या दोरीने काढतात की." काढतात. पण त्यांची बोटं बघितलीत कधी? मासा ओढतो तेव्हा ते दोरी बोटांतून घसरू देतात, थांबला की गोळा करतात. त्यांचा ड्रॅग त्यांच्या बोटांत आहे, तुमचा रीलमध्ये. त्यांनी तो वापरायला शिकून घेतलाय, एवढाच फरक.

सबब चौथी, आणि ही सगळ्यात सोवळी: "आम्ही खात नाही, सोडून देतो." छान. पण मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या काळ्या कातळावर मासा आपटायचा, कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरची बुळबुळीत साय पुसून काढायची, कल्ल्यात बोटं घालून चार मित्रांबरोबर फोटो काढायचे आणि मग पाण्यात भिरकावायचा, याला सोडणं म्हणत नाहीत. खायचा असेल तर खा, माझं काही म्हणणं नाही. सोडायचा असेल तर पोहत जाईल असा सोडा. पण तोंडात गळ आणि मागे दोरी घेऊन फिरणारा मासा ना तुमच्या ताटात, ना सोसायटीच्या वजनकाट्यावर, ना धड पाण्यात. काही मासे गळ झटकून टाकतात हे खरं आहे, पण त्या भरवशावर छंद चालवायचा?

आणि "हा सगळा नशिबाचा खेळ आहे" म्हणणाऱ्यांसाठी इंग्लंडमधलं एक उदाहरण. १९५० च्या आसपास तिथल्या भल्या भल्या गळकऱ्यांचंही मत होतं, की मोठा कार्प गळाने निघणं जवळपास अशक्य, निघालाच तर नशीब. रिचर्ड वॉकर नावाचा एक माणूस हे मानायला तयार नव्हता. शिक्षण आणि पेशा इंजिनिअरिंगचा (तरीच!). मोठा मासा रॉडवर किती ताण आणतो याचा विचार करून त्याने खास कार्पसाठी बांबूच्या चिपांचा रॉड बनवला, रात्री मासा लागल्याचं कळावं म्हणून विजेवर वाजणारी सूचक घंटा तयार केली. १३ सप्टेंबर १९५२ रोजी हेरफर्डशरमधल्या रेडमायर नावाच्या छोट्याशा तळ्यावर त्याने ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोचा कार्प काढला. तो ब्रिटिश विक्रम १९८० पर्यंत टिकला. मला जास्त आवडते ती पुढची गोष्ट. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दिला गेला आणि तिथे १९७१ पर्यंत जगला. जवळजवळ एकोणीस वर्षं! मासा नीट काढणं म्हणजे काय याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

मग नवशिक्याने करायचं काय? यादी लहान आहे आणि खर्च त्याहून लहान.

एकच गळ वापरा. स्प्रिंगभोवती पाच-सहा गळ लटकवायची जी पद्धत आहे, त्यात एक माशाच्या तोंडात, दुसरा डोळ्यात आणि तिसरा खुंटात असं होतं. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, काढताना ओठ फाटत नाही. गळाजवळचा फूटभर तंगूस मुख्य तंगुसापेक्षा जरा कमी ताकदीचा लावा. हा तुमचा फ्यूज. सगळं चुकून तुटलंच, तर माशाबरोबर फूटभरच जाईल, सहा मीटर नाही. एवढी एक गोष्ट सगळ्यांनी केली तरी हा लेख लिहायचं कारण निम्मं संपेल.

मोठ्या तोंडाची, लांब दांड्याची जाळी विकत घ्या. रॉडवर आठ हजार घालवणारे लोक जाळीशिवाय येतात हे मला आजवर न उलगडलेलं कोडं आहे. मासा दोरीने उचलायचा नाही. पाण्याबाहेर आला की त्याचं पूर्ण वजन तंगुसावर येतं, वर शेपटीचे झटके वेगळे. जाळी आधीच पाण्यात बुडवून धरायची आणि दमलेला मासा तिच्यावर आणायचा. जाळी घेऊन माशाच्या मागे धावायचं नाही. आणि सोडायचा असेल तर ओल्या हातांनी, काठाजवळच्या पाण्यात सरळ धरून ठेवायचा, स्वतःहून निघून जाईपर्यंत.

"पण आम्ही तर एन्जॉय करायला येतो, एवढा अभ्यास कोण करणार?" हा शेवटचा प्रश्न ठरलेला. उत्तर असं, की कर्नाळ्याच्या सुळक्यावर चढणारा दोर तपासतो तेव्हा त्याची मजा कमी होत नाही. आणि तिथे निदान पडणारा तो स्वतः असतो. इथे तुमच्या हौसेची किंमत मासा देतो आणि उरलेली जाळंवाले काका.

त्यामुळे माझी आग्रहाची विनंती, येत्या शनिवारी धरणावर जाऊ नका. गच्चीवर जा. ऑनसाईटला जाताना २३ किलोची बॅग तोलायला घेतलेला हुकवाला काटा घरात कुठेतरी पडला असेल, तो शोधा. गाठ थुंकीने ओली करून आवळा आणि काट्याला बांधून तुटेपर्यंत ओढा, किती किलोला तुटते ते लिहून ठेवा. मग ड्रॅग लावा आणि रॉड वाकवून पुन्हा मोजा. शेवटी तंगुसाचं टोक एखाद्या मित्राच्या हातात देऊन त्याला गच्चीभर पळवा. सोसायटीतले लोक हसतील, हसू द्या. मित्र पळाला आणि तंगूस तुटला नाही, असं लागोपाठ दहा वेळा झालं की मग सोसायटीचा परवाना काढा आणि खुशाल धरणावर जा.