कागदात गुंडाळलेली दशमी

माझा मावसभाऊ कामासाठी दोन महिने स्पेनमधल्या सेव्हिल शहरी राहून आला. येताना त्याने मुलांसाठी चॉकलेटे आणली आणि माझ्यासाठी एक पुडा. ‘ताई, तू मधल्या वेळच्या खाण्यावर लिहितेस ना, मग हे घे,’ म्हणाला.

पुड्यात सहा पोळ्या होत्या. प्रत्येक पोळी वेगळ्या मेणकागदात गुंडाळलेली, जशी काही साडीच! माझ्या लेकीने तर कागद फाटू नये म्हणून नखाने हळूहळू सोडवला. आत तळहाताएवढी, पातळ, कुरकुरीत पोळी. आकार हाताने थापल्यासारखा वेडावाकडा, वर साखर भाजून तांबूस झालेली, मधून मधून तीळ, आणि वास आपल्या बडीशेपेच्या जवळचा. सासूबाईंनी तुकडा मोडला, चहात बुडवला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “अगं, ही तर दशमी! जरा जास्त भाजलीय एवढंच.”

त्यांचे अगदीच काही चुकले नाही. या पोळीला तिकडे ‘तोर्ता दे आसेइते’ म्हणतात, म्हणजे तेलातली पोळी. गव्हाचे पीठ, भरपूर ऑलिव्ह तेल, साखर, तीळ, बडीशेपेच्या जातीचे दाणे आणि थोडे यीस्ट, एवढेच साहित्य. सेव्हिलजवळ कास्तिल्येहा दे ला कुएस्ता नावाचे गाव आहे, तिथली ही खासियत. त्या गावच्या इनेस रोसालेस या बाईंनी १९१० साली घरातल्या जुन्या कृतीने या पोळ्या करून विकायला सुरुवात केली. टोपल्यांत भरून वाटसरूंना आणि गाडीच्या प्रवाशांना त्या विकल्या जात. त्यांच्या नावाचा कारखाना आज मोठा आहे, पण पोळी अजून हातानेच थापतात. २०१३ साली युरोपीय संघाने तिला पारंपरिक पदार्थ म्हणून रीतसर संरक्षणही दिले.

गाडीच्या प्रवाशांचे वाचले आणि मला आमच्या डोंबिवलीच्या फलाटाची आठवण झाली. आपल्याकडे १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत गाडी आली. तेव्हापासून इकडच्या बायकांनी प्रवासाचे किती डबे भरले असतील! माझे सासरे अठ्ठावीस वर्षे लोकलने मुंबईला नोकरीला जात. संध्याकाळच्या गर्दीत घरी पोचायला आठ वाजत, म्हणून सासूबाई त्यांच्या पिशवीत दोन गुळाच्या दशम्या घालत. एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताने खाता येते, भाजी लागत नाही, सांडत नाही.

दशमी म्हणजे पाण्याचा थेंब न घालता दुधात भिजवलेली पोळी. जुन्या सोवळ्याओवळ्यात पाण्यात भिजवलेले अन्न प्रवासात चालत नसे, दुधातले चाले. सोवळे गेले, पण पाणी नसल्याने ती साध्या पोळीपेक्षा जास्त टिकते, हा गुण राहिलाच.

आता एक कबुली देते. लग्न होऊन आले आणि मी एका शाळेत अर्धवेळ शिकवायला लागले, तेव्हा सासूबाई मलाही दशमी देत. शिक्षकांच्या खोलीत बाकीच्या जणी सँडविच, केक असले काहीबाही काढत, आणि माझ्या डब्यात तपकिरी दशमी. एकदा कुणीतरी हसून विचारले, ‘गावाला निघालीस की काय?’ झाले! दुसऱ्या दिवसापासून मी दशम्या शिपाईमावशींच्या डब्यात ठेवायला लागले आणि घरी ‘संपल्या’ म्हणून सांगायला लागले. महिन्याभराने सासूबाईंनी दशमी देणे बंद केले. का, ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. हाड जुळले, पण लाटणे काही पूर्वीसारखे धरता येत नाही. म्हणजे घरात दशमी झालीच नाही वर्षभर, आणि ते माझ्या लक्षात आले कधी, तर स्पेनचा पुडा फोडल्यावर!

मग रविवारी पदर खोचला. प्रमाण विचारले तर उत्तर, “भिजेल इतकं दूध घाल.” भिजेल इतके म्हणजे किती, बाई? पहिल्या खेपेला मी गरम दुधातच गूळ टाकला, दूध नासले. दुसऱ्या खेपेला गॅस मोठा ठेवला. गूळ लवकर जळतो. वरून काळे डाग आणि आत कच्ची. तिसऱ्या खेपेला जमली, ते प्रमाण देते.

दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी बारीक चिरलेला गूळ, साधारण अर्धी वाटी दूध, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन, चिमूटभर मीठ, थोडी भरडलेली बडीशेप. दूध तापवून पूर्ण गार करायचे, मग त्यात गूळ विरघळवून गाळून घ्यायचे. गुळात कचरा असतो बरं का. मोहन कणकेला चोळून हे दूध लागेल तसे घालत घट्ट भिजवायचे. गूळ मागाहून सुटतो, म्हणून आधीच सैल करू नका. अर्ध्या तासाने पोळीपेक्षा जाड लाटून, काट्याने टोचून, मंद आचेवर तूप सोडत भाजायची. हाताला चिकटते म्हणून पाण्याचा हात लावलात तर टिकणार नाही, तुपाचा लावा. चाळणीवर पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा, नाहीतर घाम सुटून वास येतो. दोन-तीन दिवस छान राहते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत मात्र रोजच्या रोज केलेली बरी. प्रवासात द्यायची तर एकेक बटर पेपरात गुंडाळा. ही युक्ती मी स्पेनवाल्यांकडून उचलली. वर्तमानपत्रात नको, शाई लागते.

तिसऱ्या खेपेची पहिली दशमी सासूबाईंना दिली आणि त्या शिपाईमावशींच्या डब्याचे एकदाचे सांगून टाकले. बारा वर्षे झाली त्याला. त्यांनी डाव्या हाताने तुकडा मोडला.

“मला ठाऊक होतं,” म्हणाल्या. “तुझा डबा नेहमी स्वच्छ यायचा. दशमी मोडून खाल्ली की चुरा पडतोच गं.”

मला काही बोलायला सुचेना. त्यांनी दुसरा तुकडा मोडला. “बडीशेप जरा जास्त झालीय. पुढच्या वेळी कमी घाल, आणि वरून तीळ लावून बघ, त्या तुझ्या स्पेनच्या पोळीला होते तसे.”

सोमवारी चार दशम्या बटर पेपरात गुंडाळून शाळेत नेल्या. एक मी खाल्ली, एक शिपाईमावशींना दिली. उरलेल्या दोन कुणी संपवल्या ते कळले नाही, पण डब्यात चुरा होता.