तारे मोकळे, पाऊस कुलपात

'डेटा विनंतीनुसार उपलब्ध करून दिला जाईल.' सरकारी अनुदानावर झालेल्या आणखी एका प्रकल्पाचा अहवाल या आठवड्यात हाती आला आणि शेवटच्या पानावर हे वाक्य पुन्हा भेटलं. त्याची किंमत आकड्यात सांगता येते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डेटा देऊ असं छापणाऱ्या 1792 शोधनिबंधांच्या लेखकांना खरोखरच विनंती करून पाहिली गेली. डेटा मिळाला 122 ठिकाणी. बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही, नाहीतर नकार दिला.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे राष्ट्रीय पोर्टल. पोर्टलांबद्दलचं माझं मत या सदराच्या वाचकांना तोंडपाठ आहे, म्हणून आवरतं घेतो. पूर्वी प्रश्न टाळायला समिती नेमत, आता पोर्टल काढतात. समितीत निदान चहा-बिस्किटं तरी मिळायची.

तेव्हा पोर्टल राहू द्या बाजूला आणि पुणे जिल्ह्यातलीच दोन ठिकाणं बघा.

पहिलं नारायणगावजवळचं खोडद. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या वापरायला जगातला कुठलाही खगोलशास्त्रज्ञ अर्ज करू शकतो. प्रस्ताव पसंत पडला तर वेळ मिळतो आणि त्या वेळात टिपलेला डेटा 18 महिने त्याच्या एकट्याचा असतो. मुदत संपली की तो सर्वांचा. कुणी कुणाला विनंती करायची नाही, कुणी सही करायची नाही. निर्णय कॅलेंडर घेतं.

याचा उपयोग काय? 2010 ते 2012 या काळात भारतीय खगोलशास्त्रज्ञांच्या प्रकल्पासाठी या दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्‌झला आकाश पिंजून काढलं. तो कच्चा डेटा संग्रहात होता. हुइब इंटेमा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तो उचलला, नव्या पद्धतीने पुन्हा धुऊन काढला आणि 2017 साली आकाशाच्या 90 टक्के भागाचा नकाशा आणि सुमारे 6.2 लाख रेडिओ स्रोतांची यादी जगाला फुकट दिली. खोडदचं श्रेय कुणी पळवलं का? नाही. त्या सर्वेक्षणाच्या नावातच टीआयएफआर, म्हणजे दुर्बीण चालवणारी संस्था, आणि जीएमआरटी आहेत.

दुसरं ठिकाण पुणे शहरातलं, हवामान खात्याचं शिमला ऑफिस. देशभरातल्या पर्जन्यनोंदी इथल्या राष्ट्रीय डेटा केंद्रात येतात. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, रेघ वाचायची, वहीत आकडा लिहायचा. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी हे काम केलं आहे. या नोंदींवरून तयार केलेला 1901 पासूनचा रोजच्या पावसाचा डेटा, पाव अंशाच्या चौकटींत, खात्याने खुला केला आहे. त्याबद्दल खात्याला मनापासून शाबासकी. आज मान्सूनवर काम करणारा कुठलाही विद्यार्थी आधी तोच उतरवून घेतो.

पण पाव अंश म्हणजे साधारण 25 ते 28 किलोमीटरची चौकट. महाबळेश्वर आणि पाचगणी दोन्ही तिच्यात एकत्र पडतात. दोन गावांत जेमतेम 20 किलोमीटरचं अंतर, आणि पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी. सह्याद्री उतरताना पाऊस कसा आटतो, हे ज्याला शोधायचंय त्याला चौकट नको, केंद्राकेंद्राची मूळ नोंद हवी. तिच्यासाठी मात्र अर्ज, कशासाठी हवी त्याचं हमीपत्र आणि काहींना शुल्क. म्हणजे पुन्हा विनंतीच.

गंमत पुढेच आहे. खोडदची दुर्बीण चालवणारी संस्था अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली येते. गुप्तता ज्या खात्याच्या रक्तात आहे, त्याचे तारे मोकळे. आणि ज्या पावसात आपण सगळेच भिजतो, त्याच्या मूळ नोंदी कुलपात. मग दोष गुप्ततेचा नाही, रचनेचा आहे. खोडदला डेटा अडवायचा असेल तर कुणाला तरी खटपट करावी लागेल. हवामान खात्यात तो द्यायचा असेल तर खटपट. आणि डेटा दिल्याबद्दल उद्या खुलासा मागितला जाऊ शकतो. न दिल्याबद्दल कुठल्या बाबूला मेमो मिळाल्याचं निदान माझ्या कानावर नाही.

'तारे कोर्टात जात नाहीत, माणसं जातात,' असं यावर म्हटलं जाईल. मान्य. म्हणूनच जीनोम इंडिया प्रकल्पातल्या 10 हजार भारतीयांच्या जनुकीय नोंदी फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये नियमांच्या पहाऱ्यात ठेवल्या आहेत आणि ते योग्यच आहे. पण 1972 च्या दुष्काळात एखाद्या तालुक्यात किती मिलिमीटर पाऊस पडला, यात कुणाची खाजगी बाब उघडी पडते?

सरकारपाशी धोरण नाही असंही नाही. सार्वजनिक पैशातून गोळा झालेला डेटा खुला करण्याचं राष्ट्रीय धोरण 2012 पासून आहे. त्यात प्रत्येक खात्याने काय द्यायचं नाही याची यादी करावी, अशीही सोय आहे. खात्यांना यातलं कुठलं कलम जास्त आवडलं असेल, ते सुज्ञांना सांगायला नको. पैसा नाही म्हणावं, तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये नियतकालिकं वाचण्यासाठी तीन वर्षांचे 6000 कोटी मंजूर झाले. प्रकाशकांचं वाचायला एवढी रक्कम निघते, तर आपण मोजलेलं जपायलाही निघू शकते. जर्मनीने 2018 साली केंद्र आणि राज्यांच्या करारातून संशोधन डेटासाठी वर्षाला 9 कोटी युरोपर्यंत तरतूद ठरवली. तिथे एकच राष्ट्रीय कोठार न बांधता विषयवार संशोधकांचे संघ उभे केले.

आपल्या राष्ट्रीय आराखड्यात तीनच गोष्टी असल्या तरी पुरे. प्रत्येक विषयाला खोडदसारखी ठरलेली मुदत. डेटा सांभाळणाऱ्या माणसांची कायम पदं, कारण कंत्राट संपलं की फाइल उघडायची कशी हे सांगणाराही निघून जातो. आणि प्रकल्प संपल्यावरही सर्व्हर चालू ठेवणारा पैसा. नवं नाव, बोधचिन्ह आणि फीत यांची गरज नाही.

हे सगळं जमायला वेळ लागेल. पण एक गोष्ट संशोधनाला अनुदान देणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाला येत्या आर्थिक वर्षापासून करता येईल. ज्याने डेटा जमा केलेला नाही, त्याच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता रोखून धरावा. त्यानेही तो विनंतीनुसार मागून पाहावा.