दोन रुपयांचा स्विच, अख्ख्या बोर्डाची वर्गणी

भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. धानाच्या बांध्यांच्या मधलं गाव. दुकान म्हणाल तर एकच टेबल, त्यावर पंपाच्या स्टार्टरपासून मिक्सरच्या आर्मेचरपर्यंत सगळं. मागच्या महिन्यात तिथे एक इंडक्शन आलं: लाइट लागते, बीप वाजतो, पण एकही बटण घेत नाही. गिऱ्हाइकाने आधी कंपनीच्या माणसाला फोन केला होता. त्याने न उघडताच निकाल दिला, ‘पॅनल गेलं’. पॅनल एकटं मिळत नाही, पॉवर बोर्डासोबत सेटच घ्यावा लागतो, आणि सेटच्या किमतीत थोडी भर घातली की नवी शेगडी येते.

आमच्या वाचकाने काच काढली, सप्लाय तोडून एकेका टॅक्ट स्विचवर मीटर धरला. ‘टायमर’चा स्विच न दाबताच चार-पाच किलोओहम दाखवत होता. भाताचं पाणी उतू जाऊन आत झिरपलेलं. ज्या जिल्ह्यात दोन्ही वेळेला भात शिजतो तिथे हे व्हायचंच. एक बटण कायम दाबलेलं दिसलं की आयसी बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. स्विच बदलला, बोर्ड धुतला, शेगडी चालू. स्विचची किंमत दोन रुपये.

पत्राच्या शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला आहे: ‘रिबनच्या कोणत्या पिनवर काय यायला हवं, एवढा कागद आम्हाला कोण देणार?’

दिल्लीत याला ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणतात. ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 ला त्याचं पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. चांगली गोष्ट आहे. पण वेगळा कायदा अजून नाही, त्यामुळे सर्किटचा नकाशा देण्याची सक्ती कोणावर नाही. त्यानंतर दुरुस्ती-निर्देशांक आला. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, याचे गुण ठरवणाऱ्या समितीने 2025 च्या मे महिन्यात अहवाल दिला. सुरुवात कुठून? स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून. चूल कधीतरी पुढे. ज्यावर घराचा स्वयंपाक होतो ते रांगेत मागे, हा क्रम लावणाऱ्याच्या घरी शेगडी बहुधा दुसरं कोणी पेटवत असावं.

आता थोडं आपल्या घरातलं. कंपनीचा माणूस न उघडता ‘पॅनल गेलं’ म्हणतो, ठीक. आपल्यातलेही कितीजण उघडून तेच म्हणतात? डिस्प्ले कनेक्टरवरचे 5 व्होल्ट मोजल्याशिवाय आयसीवर खापर फोडू नका. सव्वाचार व्होल्टवर लाइट लागते, बीपही वाजतो, पण आयसी शुद्धीवर नसतो; आणि बहुतेक वेळा दोषी निघतो तो शेजारचा वाळलेला छोटा कपॅसिटर. टचवाल्या मॉडेलमध्ये काच परत बसवताना एखादी स्प्रिंग कलली की ती काचेला टेकतच नाही. मग ‘तीन बटणं चालतात, चौथं नाही’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आठवड्यात परत. ओल्या हाताने किंवा पॅनलवर पाणी असताना स्विच चालू केला तरी टच भांबावतो. बंद करा, पुसा, पुन्हा लावा. आणि लॉकचं बटण तीन सेकंद दाबून पाहिल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलणाऱ्यांबद्दल काय लिहावं!

एक गोष्ट मात्र चिडून सांगतो. काच बाजूला काढून, उघड्या स्प्रिंगला बोट लावत ‘बघा काकू, चालतंय’ म्हणणारे मिस्त्री आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. बहुतेक इंडक्शनचं कंट्रोल ग्राउंड थेट ब्रिजच्या मायनसवर असतं, ट्रान्सफॉर्मरची आड नसते. म्हणजे तो 5 व्होल्टचा बोर्ड मीटरला गरीब दिसला तरी अंगाला लाइनच. सिरीज बल्ब लावा, बटणं काच बसवूनच तपासा. मायक्रोवेव्हच्या कीपॅडला हात घालण्याआधी हाय-व्होल्टेज कपॅसिटर डिस्चार्ज करा. पॅनलची तक्रार आहे म्हणून तो कपॅसिटर रिकामा असेलच असं नाही.

राहिला दिघोरीचा प्रश्न. कागद कोणी देणार नाही, तो आपणच करायचा. या महिन्यात तुमच्या टेबलावर जे इंडक्शन चालू स्थितीत असेल, ते गिऱ्हाइकाला परत करण्याआधी दहा मिनिटं जास्त ठेवा. मॉडेल नंबर, बोर्डावर छापलेला नंबर, रिबनच्या प्रत्येक पिनचं व्होल्टेज स्टँडबायला आणि चालू असताना, आणि दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो. अक्षर वाईट असलं तरी चालेल, आकडे खाडाखोड नसलेले हवेत. ‘अंदाजे’ लिहिलेला कागद आम्ही छापणार नाही. येत्या दहा तारखेपर्यंत जे येतील ते पुढच्या अंकाच्या मधल्या चार पानांवर, पाठवणाऱ्याच्या गावाच्या नावासह. पहिलं पान दिघोरीचं. त्यांनी पत्रासोबतच सात पिनांचा तक्ता पाठवला आहे, वहीच्या फाडलेल्या पानावर, मागच्या बाजूला उधारीचा हिशेब.