पहिली ओळख कोणी करून द्यायची?

कोण काय वाचतो व कोणाशी बोलतो हे तिऱ्हाइताला कळू नये, यासाठी बांधलेली काही जाळी इंटरनेटच्याच तारांवर चालतात. २००३ साली सुरू झालेले ‘आयटूपी’ हे त्यांपैकी एक. ते संगणकावर बसवून देणारा एखादा हुशार मित्र वर्गात असतोच. पण नुसते बसवून देणे म्हणजे मदत नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या जाळ्याला मुख्य संगणक नाही, सगळे बरोबरीचे. निरोप सांकेतिक रूपात, थरावर थर चढवून, आधी पाठवणाऱ्याच्या आणि मग घेणाऱ्याच्या ‘बोगद्या’तून जातो. एका बोगद्यात साधारणपणे ३ मध्यस्थ संगणक असतात. प्रत्येकाला फक्त आपल्या अलीकडचा आणि पलीकडचा शेजारी ठाऊक. दर १० मिनिटांनी जुने बोगदे टाकून नवे बांधले जातात.

मग नवख्याने पहिला शेजारी शोधायचा कोठे? स्वयंसेवकांनी चालवलेले काही सर्व्हर त्याला जाळ्यातील थोड्या संगणकांचे पत्ते देतात. या यादीवर अंकीय सही असते, आणि ती पारखण्याची साधने मूळ प्रोग्रॅमबरोबरच येतात. म्हणजे मालक नसलेल्या जाळ्यातही पहिल्या क्षणी कोणावर तरी विसंबावेच लागते! म्हणूनच मित्राने पेनड्राइव्हवरून दिलेली प्रत मला मान्य नाही. प्रोग्रॅमच बनावट असेल, तर सहीची पारख काय कामाची? तो प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा, आणि असे का, हे नवख्याला समजावून सांगावे.

पुढची अडचण अधीरतेची. जोडल्यावर पहिली काही मिनिटे पाने उघडत नाहीत, किंवा अतिशय सावकाश उघडतात. मदतनीस लगेच म्हणतो, “बंद करून पुन्हा चालू कर.” हा सल्ला चुकीचा आहे. तुमचा संगणक त्या वेळी कोणता शेजारी किती जलद, किती भरवशाचा, हे प्रत्यक्ष वापरातून जोखत असतो. मध्येच बंद केले की बांधलेले बोगदे गेले. लंबकाचे २० दोलन मोजायचे असताना सातव्यालाच घड्याळ थांबवण्यासारखे हे आहे. (घड्याळावरून आठवले : संगणकाची वेळ फार चुकली असेल तर इतर संगणक जोडणी नाकारू शकतात. व्हर्नियरची शून्य त्रुटी पाहतो तशी ती आधी पाहावी.)

आता मर्यादा. तुम्ही काय वाचता हे इंटरनेट पुरवणाऱ्याला दिसत नसले, तरी तुम्ही हे जाळे वापरता हे त्याला ओळखता येऊ शकते. शिवाय इतरांचे निरोपही तुमच्या संगणकातून वाहत असतात. जोडणीचे पैसे घरचे देतात, तेव्हा त्यांना विचारल्यावाचून हे सुरू करू नये.

गैरवापर करणारेही येथे असतात, मग मुलांना हे सांगावेच कशाला, असे काही शिक्षक म्हणतील. त्यांची काळजी खोटी नाही. पण मुलांना हे कळायचे ते कळतेच. अर्धवट कळते, हाच खरा धोका. आणि शिकवायला संगणकही लागत नाही. एका चिठ्ठीवर ३ पाकिटे चढवा, प्रत्येक पाकिटावर फक्त पुढच्या विद्यार्थ्याचे नाव लिहा आणि ती वर्गात फिरू द्या. मग दुसऱ्या तुकडीतला, कोणालाच न ओळखणारा एक विद्यार्थी दारात उभा करा, आणि त्याला पहिले नाव कोणी सांगावे हे वर्गाला ठरवू द्या.