आजार जन्माचा, पण औषध पगाराच्या स्लिपवर?

दुर्मिळ आजारांची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा मोबाईलवर आलेल्या एका फोटोपासून सुरू होते. आजारी बाळ, खाली खाते क्रमांक आणि मदतीचे आवाहन. आपण शंभर-दोनशे रुपये पाठवतो, मेसेज पुढे पाठवतो आणि कामाला लागतो. या मदतीला आम्ही कमी लेखत नाही. पण ज्या उपचाराला दरवर्षी लाखो रुपये लागतात आणि जो आयुष्यभर चालतो, तो दानावर टिकत नाही. म्हणून गौचरसारख्या आजारांवरच्या एन्झाइम उपचाराकडे आम्ही इथे हक्काचा प्रश्न म्हणून पाहत आहोत, आणि तोही मुरबे, बोईसर, तारापूर या आपल्या पट्ट्यातून.

आजार नेमका काय आहे?

शरीरातल्या पेशींमध्ये टाकाऊ पदार्थ मोडून काढण्याची व्यवस्था असते. त्यासाठी वेगवेगळी एन्झाइम, म्हणजे विकरे लागतात. गौचर आजारात यातले एक एन्झाइम जन्मतःच अपुरे असते. त्यामुळे एक प्रकारचा स्निग्ध पदार्थ प्लीहा, यकृत आणि हाडांमध्ये साचत जातो. मुलाचे पोट फुगते, रक्त कमी होते, हाडे दुखतात, वाढ खुंटते. पालघरसारख्या जिल्ह्यात अशा मुलाकडे पाहून आधी कुपोषण, जंत किंवा मलेरिया हीच नावे तोंडात येतात. खरे निदान होईपर्यंत वर्षे निघून जातात.

उपचाराची कल्पना सोपी आहे. जे एन्झाइम शरीरात कमी आहे, ते बाहेर तयार करून सलाईनमधून द्यायचे. गौचरसाठी ते साधारण दर १५ दिवसांनी द्यावे लागते. असे पहिले औषध अमेरिकेत १९९१ मध्ये मंजूर झाले. आज पॉम्पे, फॅब्री आणि एमपीएसच्या काही प्रकारांवरही एन्झाइम उपलब्ध आहे. या उपचाराने गौचरच्या रुग्णाची प्लीहा आणि यकृत लहान होतात, रक्त सुधारते, मूल शाळेत जाऊ शकते. पण हे औषध मेंदूपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मेंदूवर परिणाम करणाऱ्या प्रकारांत त्याचा उपयोग मर्यादित राहतो. आजार मुळापासून जात नाही, औषध थांबले की साठा पुन्हा वाढू लागतो.

दोष कोणाचा?

असे मूल जन्मले की वस्तीत पहिला बोट आईकडे जातो. मग मागच्या जन्माचे पाप, कोणाची नजर, देवाचा कोप. आपल्या पट्ट्यात कारखान्यांचे पाणी आणि अणुऊर्जा केंद्र यांचेही नाव घेतले जाते. तारापूरचे प्रदूषण खरे आहे आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण गौचर प्रदूषणातून होत नाही. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच मुलाला हा आजार होतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते. स्वतः वाहक असलेल्यांना सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे त्यांना कल्पनाही नसते. मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा अशा नात्यातल्या लग्नांत धोका वाढतो, हे मात्र आपण मोकळेपणाने बोलले पाहिजे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते ही कल्पना नाकारली. अशी कल्पना समाजाला आणि शासनाला गरिबांच्या जबाबदारीतून सुटका देते, हा त्यांचा मुद्दा होता. दुर्मिळ आजाराच्या बाबतीत हा मुद्दा तंतोतंत लागू पडतो. जनुक कोणाच्या हातात नाही. उपचार मिळणे न मिळणे मात्र धोरणाच्या हातात आहे.

धोरण काय देते?

केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आणले. १० किलो वजनाच्या मुलाच्या उपचाराचा वार्षिक खर्च १० लाखांपासून १ कोटीच्या वर जाऊ शकतो, हे धोरणातच नमूद आहे. औषधाचे प्रमाण वजनावर ठरते. म्हणजे मूल बरे होऊन वाढू लागले की खर्चही वाढतो. २०२२ पासून निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत प्रत्येक रुग्णासाठी कमाल ५० लाख रुपयांची मदत मिळते. मुंबईत परळचे केईएम रुग्णालय असे केंद्र आहे. पण आयुष्यभराच्या आजाराला ५० लाख काही वर्षांतच संपतात. त्यानंतर काय? धोरणाने लोकवर्गणीचे पोर्टल दाखवले आहे. म्हणजे फिरून पुन्हा त्याच फोटोकडे.

न्यायालयांनी वेगळी भूमिका घेतली आहे. १७ एप्रिल २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने गौचर असलेल्या एका रिक्षाचालकाच्या मुलाला मोफत एन्झाइम देण्याचा आदेश दिला. मूल गरीब आहे म्हणून त्याचा जगण्याचा हक्क कमी होत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच न्यायालयाने दुर्मिळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारण्याचे आणि त्यात दोन वर्षांसाठी ९७४ कोटी रुपये ठेवण्याचे निर्देश दिले.

किंमत ही काही निसर्गाची देणगी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने गौचरवरील एलिग्लुस्टॅट या गोळीचे भारतीय उत्पादन जाहीर केले. वर्षाला कोटीच्या घरातला खर्च ३ ते ६ लाखांवर येईल, असे तेव्हा सांगण्यात आले. ही गोळी मुख्यतः प्रौढांसाठी आहे आणि एन्झाइमची जागा सरसकट घेत नाही. पण ठरवले तर किंमत खाली येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

ईएसआयसीचे कार्ड

आता आपल्या पट्ट्याचा मुद्दा. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने, म्हणजे ईएसआयसीने, देशात काही विमाधारक कामगारांच्या मुलांना एन्झाइम उपचार दिले आहेत. ज्या विमा योजनेचा कायदा १९४८ मध्ये झाला, तिची पायाभरणी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना झाली. हा वारसा जयंतीच्या भाषणात येतो, पण तारापूरच्या गेटवर विचारला जात नाही.

समजा, मुरब्यात शेजारीशेजारी दोन घरे आहेत. दोन्ही घरांत गौचरचे मूल आहे. एकाचा बाप बोटीवर खलाशी आहे, दुसऱ्याचा तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे. खलाशाला ईएसआयसी नाही. कारखान्यातल्याला कायद्याने असायला हवे, पण ठेकेदाराने नावच नोंदवले नसेल तर दोन्ही घरे सारखीच. नाव नोंदवले आणि सहा महिन्यांनी ठेकेदार बदलला, तर वर्गणीत खंड पडतो. महागड्या अतिविशेष उपचारांसाठी ठरावीक काळ वर्गणी भरलेली असावी लागते. शिवाय पगाराची मर्यादा आहे. २०१७ मध्ये ती महिना २१,००० रुपये झाली. म्हणजे बढती मिळाली की मुलाचे औषध धोक्यात! आजार एकच, पण जगणे ठरते बापाच्या पगाराच्या स्लिपवर.

आता वाढवण आणि मुरबे येथील बंदरांच्या निमित्ताने रोजगाराची आश्वासने दिली जात आहेत. मच्छीमारांचा विरोध त्यांच्या जगण्यातून आला आहे. त्यांच्या प्रश्नांत आम्ही एक भर घालतो: ही कामे विमा असलेली असतील, की ठेकेदाराच्या वहीतली?

आपण काय करू शकतो?

पहिले, वस्तीतल्या प्रत्येक ठेका कामगाराचा ईएसआयसी विमा क्रमांक आहे का, त्यात बायको-मुलांची नावे आहेत का, ते तपासा. ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरण्याची प्राथमिक जबाबदारी मुख्य मालकाची आहे, हे कामगारांना सांगा.

दुसरे, पोट सतत फुगलेले, रक्त वाढत नसलेले, वाढ खुंटलेले मूल दिसले तर आशाताई आणि अंगणवाडीमार्फत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे न्या. शून्य ते १८ वयाच्या मुलांसाठीचा हा देशव्यापी कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधूनच सुरू झाला होता. पुढे केईएमपर्यंत पाठपुरावा करा. निदान लवकर झाले तर हाडांचे नुकसान टळते.

तिसरे, मागण्या एकत्र करा. ५० लाखांची मर्यादा काढा. खलाशी, वीटभट्टी आणि घरकामगारांना तेच संरक्षण द्या. निदान पक्के झाल्यावर सलाईन पालघर जिल्ह्यातच मिळू द्या. दर दोन आठवड्यांनी परळला जायचे म्हणजे वर्षाला २६ फेऱ्या, आणि रोजंदारीवाल्याचे २६ खाडे.

असे रुग्ण थोडे आहेत, म्हणून त्यांचा मोर्चा निघत नाही आणि त्यांची मतपेढीही होत नाही. ज्यांची संख्या कमी त्यांचे हक्क बहुसंख्येच्या मर्जीवर सोडता येत नाहीत, हे आपल्या समाजाला वेगळे शिकवावे लागत नाही. पुढच्या रविवारी विहारात जमाल, तेव्हा वंदनेनंतर अर्धा तास काढा आणि ईएसआयसीच्या कार्डांची यादी करायला घ्या.

जय भीम!