बॅकअप आहे, पण तो परत येतो का?

आपल्यातील अनेक व्यापारी व कारागीर बांधवांचा हिशेब आता वहीत राहिलेला नाही. उधारी, स्टॉक, बिले सारे भाड्याच्या क्लाउड मशीनवर असते. "रोज बॅकअप होतो" असे संगणकवाल्याने सांगितले की आपण निर्धास्त होतो. हा निर्धास्तपणा महागात पडू शकतो.

गिटलॅब ही तर संगणकतज्ज्ञांचीच कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या कर्मचाऱ्याने चुकीच्या मशीनवरचा डेटा पुसला. रोजच्या बॅकअपची जागा पाहिली, तर ती रिकामी! बॅकअप बंद पडल्याची सूचनाही कोणापर्यंत पोहोचली नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली. तरी सेवा सुमारे १८ तास बंद राहिली आणि मधल्या सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

दुकानाची दुसरी किल्ली करून आणली की आपण ती कुलपात फिरवून पाहतो. बॅकअपलाही हाच नियम लावला पाहिजे. दर तीन महिन्यांनी बॅकअपवरून वेगळे, नवे मशीन उभे करून घ्यावे. चालू मशीनला हात लावू देऊ नये. नव्या मशीनवर शेवटचे बिल आणि एखाद्या गिऱ्हाइकाची बाकी स्वतः ताडून पाहावी. किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. काम झाले की ते मशीन काढून टाकावे, नाहीतर भाडे चढत राहते.

संगणकवाल्याचे वर्षाचे काम ठरवतानाच ही चाचणी त्यात धरावी. तिला नकार देणाऱ्याच्या हाती हिशेब देऊ नये.