रंग लावण्यापूर्वी: आजी-आजोबांच्या खोलीची तयारी

दसरा ते दिवाळी हे वीस दिवस गोंदिया जिल्ह्यात रंगाऱ्यांचे असतात. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, हलके धान कापणीला आलेले असते आणि भाऊबीजेपासून गावोगावी भरणाऱ्या मंडईसाठी लेकी-जावई, सोयरेधायरे घरी यायचे असतात. रात्रभर नाटक पाहून पहाटे पाहुणा ज्या खोलीत पाठ टेकणार, ती खोली मळकी असून कसे चालेल? मग रंगारी मिळेल त्या दिवशी बोलावला जातो, सकाळी सामान अंगणात येते आणि संध्याकाळपर्यंत भिंती ओल्या रंगाने चकाकू लागतात. या घाईत घरातील ज्या माणसाला जागचे हलविणे सर्वांत कठीण, त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. ‘आजोबांना थोडा वेळ ओसरीत बसवू’ एवढ्यावर ती गोष्ट मिटते.

रंग कोणता घ्यावा, हा आजचा विषय नाही. कुंचला भिंतीला लागण्यापूर्वीचे जे चार-सहा दिवस असतात, त्या दिवसांविषयी येथे लिहावयाचे आहे. कारण वृद्धांच्या प्रकृतीला बाधा होते ती बहुधा त्याच दिवसांत.

रंगाच्या वासाची भीती सर्वांना वाटते. धुळीची सहसा कोणाला वाटत नाही. वास नाकाला कळतो, डोके धरते, म्हणून आपण खिडकी उघडतो. जुनी भिंत खरवडताना आणि पुट्टी घासताना उडणारी धूळ मात्र ‘झाडून टाकू’ म्हणून सोडून दिली जाते. त्या धुळीतील जाड कण लगेच खाली बसतात, पण अतिसूक्ष्म कण कित्येक तास हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. त्यांत जुना चुना असतो, डिस्टेंपर असते, पुट्टीतील पांढरे सिमेंट असते आणि पावसाळ्यात भिंतीवर वाढलेल्या बुरशीचे बीजकणही असतात. निरोगी तरुणाला दोन दिवस खोकला येऊन ते निभावते. दमा किंवा सीओपीडी असलेल्या वृद्धाला मात्र अशा एका दुपारीमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागू शकते. आपल्या जिल्ह्यात तर अनेकांचे उमेदीचे आयुष्य राइस मिलच्या कोंड्यात, विडीच्या तंबाखूत किंवा चुलीच्या धुरात गेलेले आहे. त्यांच्या फुप्फुसांची शिल्लक मुळातच थोडी उरलेली असते.

म्हणून पहिला नियम असा की, भिंत कोरडी खरवडू नये. पाण्याने ओली करून, थोडा वेळ मुरू देऊन मग खरवडावी. पॉलिशपेपरने घासतानाही शक्य तेथे पाण्यात भिजवून चालणारा कागद वापरण्यास रंगाऱ्यास सांगावे. काम सावकाश होते आणि खाली चिखल होतो, हे खरे. परंतु चिखल पुसता येतो, हवेत गेलेली धूळ पुसता येत नाही. ओले काम करताना विजेच्या पाट्यांजवळ पाणी जाऊ नये म्हणून त्या खोलीचा विद्युतपुरवठा बंद ठेवावा. पंखा तर घासकाम चालू असताना लावूच नये. तो धूळ बाहेर घालवीत नाही, घरभर वाटतो. खोलीचे आतले दार बंद करून त्याच्या फटीत ओले फडके कोंबावे आणि बाहेरची खिडकी उघडी ठेवावी. दिवसाचे काम संपल्यावर केरसुणी फिरवू नये. धूळ खाली बसू द्यावी आणि मग ओल्या फडक्याने वरून खाली, शेवटी जमीन, असे पुसून घ्यावे. तोंडाला बांधलेला दुपट्टा किंवा गमछा सूक्ष्म धूळ अडवीत नाही. खरवडणाऱ्याने एन-९५ मुखपट्टी लावावी. रंगारीही कोणाच्या घरचा कर्ता माणूस असतो. ती मुखपट्टी आपण आणून दिली तर त्यात संकोच कसला?

दारे-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट हा याहून गंभीर विषय आहे. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे सर्रास असे, आणि पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा अशा भडक छटांत ते विशेष असे. केंद्र सरकारच्या २०१६च्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असण्यास मनाई झाली. त्यापूर्वी रंगविलेल्या चौकटींवर मात्र तो जुना थर आजही बसलेला आहे, आणि त्यावर नंतर दिलेल्या थरांखाली तो दडून राहिलेला असतो. कोरडे घासले की तो धूळ होऊन अंथरुणावर, भांड्यांवर आणि जमिनीवर रांगणाऱ्या नातवाच्या हातावर येतो. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वृद्धांच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: शिसे हाडांत साठून वर्षानुवर्षे राहते आणि उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते. रक्तदाब व मूत्रपिंडे यांना त्याचा त्रास होतो. ज्यांच्या या दोन्ही तक्रारी आधीच चालू आहेत, त्यांच्या अंगात नव्या शिशाची भर कशाला घालावी?

जुना तैलरंग घट्ट बसलेला असेल, पोपडे सुटत नसतील, तर तो मुळापर्यंत काढण्याचा हट्ट धरू नये. ओल्या पॉलिशपेपरने वरवर खरखरीत करून त्यावर नवा हात द्यावा. ज्योतीने जाळून रंग सोडविण्याची पद्धत तर घरात कदापि नको, कारण उष्णतेने शिशाचा धूर होतो. खरवडलेले पोपडे कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून बाहेर टाकावेत. परसातील भाजीच्या वाफ्यात नव्हे. आणखी एक सवय आवर्जून मोडावयास हवी. दुरुस्तीत निघालेली जुनी रंगीत चौकट, खिडकीची फळी आंघोळीचे पाणी तापविण्याच्या चुलीत जाते. रंग लावलेले लाकूड जाळणे म्हणजे त्यातील विष चुलीपुढे बसलेल्या माणसाला हुंगावयास देणे होय.

आता ओलीविषयी. आपल्याकडचा पाऊस भरपूर, तलाव-बोड्यांचा मुलूख, आणि भिंती पायापासून पाणी ओढणाऱ्या. दसऱ्याला वरून कोरडी दिसणारी भिंत आतून बहुधा ओलीच असते. हात लावून ते कळत नाही. त्यासाठी सोपी परीक्षा अशी: हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावा आणि २४ तासांनी पाहावे. आतील बाजूस दव जमले असेल तर भिंत रंगास तयार नाही. अशा भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिकचा रंग चढविला की ओल आत कोंडते, काही महिन्यांत पोपडे येतात, पांढरा लोणा फुलतो आणि त्यामागे बुरशी वाढते. आजी ज्या भिंतीला उशी लावून झोपतात, तीच भिंत रात्रभर त्यांच्या श्वासात बुरशी सोडते. मातीच्या किंवा वर्षानुवर्षे चुना दिलेल्या भिंतींना तर पुट्टी धरवतच नाही. तेथे सैल थर ओला करून काढावा आणि पुन्हा चुनाच द्यावा. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर पडू शकते आणि त्याच्या क्षारामुळे बुरशी सहजासहजी धरत नाही. मात्र ओला चुना दाहक असतो. तो डोळ्यात उडाला तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान १५ ते २० मिनिटे धुवावा आणि तडक डॉक्टरांकडे जावे.

काळी बुरशी दिसली तर तिच्यावर कोरडा ब्रश फिरवू नये. साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी. ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरावयाचे असेल तर वृद्धांना खोलीबाहेर ठेवून, खिडक्या उघडून वापरावे आणि त्यात शौचालयाचे अॅसिड कधीही मिसळू नये. त्या दोहोंच्या मिश्रणातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

एवढे सांगितल्यावर वाचक विचारतील, मग हे सारे वीस दिवसांत कसे बसावे? माझे मत विचाराल तर, बसवूच नये. बैठक, ओसरी, पाहुण्यांची खोली दिवाळीपूर्वी रंगवावी. वृद्धांची खोली मागे ठेवावी. नोव्हेंबर सरता सरता थंडी पडू लागते आणि विदर्भात पारा सर्वांत खाली उतरलेल्या ठिकाणांत गोंदियाचे नाव वारंवार येते. त्या दिवसांत वृद्धांच्या खोलीच्या खिडक्या रात्रंदिवस उघड्या ठेवता येत नाहीत आणि छातीचे विकारही त्याच काळात उफाळतात. फेब्रुवारीत थंडी मोडलेली असते, उन्हाळा चढलेला नसतो, भिंती चांगल्या वाळलेल्या असतात आणि रंगाऱ्याच्या मागे घाईही नसते. दिवाळीला आजींची खोली जुन्याच रंगाची राहिली म्हणून लक्ष्मी दारातून परत जात नाही.

खोली रिकामी करणे याचा अर्थ घरातील माणसे ‘सामान हलविणे’ असा घेतात. वृद्धाच्या लेखी ते सामान नसते. पलंगापासून मोरीपर्यंत किती पावले, वळताना कपाटाची कड कुठे हाताला लागते, चष्मा कोणत्या कोनाड्यात, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते, आणि दृष्टी मंद झाली तरी रात्री ते त्याच खुणांवर चालतात. त्या खुणा एका दिवसात नाहीशा झाल्या की पडण्याचा धोका वाढतो. म्हणून त्यांची तात्पुरती खोली आधी लावावी, मूळ खोली नंतर हलवावी. पलंगाची उतरण्याची बाजू तीच ठेवावी. मोरीकडे जाणारी वाट मोकळी असावी, रात्री दिवा चालू असावा, वाटेत वायर किंवा डबा नसावा. पहिल्या दिवशी दिवसाउजेडी दोन-तीन वेळा त्यांना धरून त्या वाटेने चालवून आणावे. औषधांचा डबा, इन्हेलर, श्रवणयंत्र, दातांची कवळी, काठी या वस्तू गाठोड्यात बांधावयाच्या नसतात. त्या एका पिशवीत घालून आधी नव्या खोलीत न्याव्यात. नेब्युलायझर किंवा प्राणवायूचे यंत्र असेल तर तेथील विजेचे बटण चालू आहे ना, ते आदल्या दिवशी पाहावे.

जमिनीवर अंथरण्यास प्लास्टिक सोयीचे, पण पाय घसरतो. घरात वृद्ध ये-जा करणार असतील तेथे जुनी लुगडी किंवा चादरी अंथरून कडा चिकटपट्टीने बसवाव्यात. आपल्याकडे धानाची रिकामी पोती हाताशी असतात, तीही चालतात. मात्र आधी अंगणात नीट झटकून घ्यावीत, नाहीतर एक धूळ टाळताना दुसरी घरात येते.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत अधिक जपावे लागते. खोली ओळखू न आल्याने ती संध्याकाळी बेचैन होते, ‘मला माझ्या घरी घेऊन चला’ म्हणते. खोली उतरविण्यापूर्वी मोबाइलवर चारही भिंतींची छायाचित्रे घ्यावीत. देवाची तसबीर, पतीचे छायाचित्र, घड्याळ, दिनदर्शिका ही तात्पुरत्या खोलीत पलंगावरून दिसतील अशी लावावीत आणि काम झाल्यावर छायाचित्रात पाहून पूर्वीच्याच जागी परत लावावीत. नव्या भिंतीला खिळा नको, हा सौंदर्याचा आग्रह या खोलीपुरता सोडावा.

भिंत उघडी पडलेली असते तेव्हाच एक काम करून घेता येते, जे एरवी वर्षानुवर्षे राहून जाते. पलंगाजवळ आणि मोरीत पकडण्यासाठी आधारदांडा, उशाशी हात पोहोचेल असे दिव्याचे बटण, दाराच्या उंबऱ्याजवळ लहान रात्रदिवा यांसाठीची छिद्रे, वायरिंग आणि सिमेंट पुट्टीच्या आधीच उरकावे. मागाहून केले तर रंग फुटतो, आणि रंग फुटेल म्हणून ते कधीच होत नाही. दांडा सुतळीएवढ्या खिळ्यांवर न टांगता भिंतीत खोल बसणाऱ्या जाड स्क्रूने आवळावा; कारण घसरताना माणूस संपूर्ण भार त्यावर टाकतो. रंग निवडताना भिंत फिकट आणि मोरीच्या दाराची चौकट गडद ठेवावी, म्हणजे मंद दृष्टीलाही दार दिसते. फार चकाकणारा रंग मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना दिपवितो.

काही खोल्या मात्र रंगवूच नयेत. रुग्ण अंथरुणाला खिळलेला आहे, हलविण्यास दुसरी खोली नाही, प्राणवायू लावलेला आहे, किंवा गेल्या महिन्याभरात छातीसाठी रुग्णालयात राहून आलेला आहे, अशा घरी भिंती ओल्या फडक्याने पुसाव्यात, जळमटे ओल्या फडक्याने काढावीत, चादरी-पडदे धुवावेत. तेवढे पुरे. पाहुण्यांनी विचारले तर खरे कारण सांगावे.

रंग झाल्यावर वृद्धांना लगेच त्या खोलीत झोपवू नये. भिंत हाताला कोरडी लागली तरी वास जाईपर्यंत थांबावे. पाण्यात कालवायच्या रंगाला दोन-तीन दिवस, तैलरंगाला त्याहून अधिक. या काळात पंखा आणि खिडक्या मोकळ्या ठेवण्यास हरकत नाही. परत नेण्याच्या दिवशी सकाळी जमीन पुन्हा एकदा ओल्या फडक्याने पुसावी, पलंग पूर्वीच्या खुणेवर लावावा आणि ज्यांची ती खोली आहे त्यांना हाताला धरून आत न्यावे. पहिले दोन-तीन दिवस रात्री कोणीतरी शेजारी झोपावे. खोकला वाढला, श्वासाला शिटीसारखा आवाज येऊ लागला, किंवा बोलताना वाक्य पुरे होत नसेल, तर उजाडण्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.